लाइमचा अहवाल पॉझिटिव्ह आला आहे. पाठीतले पाणी काढून तपासावे का?

मुलुंडच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे. लाइम हा गोचिडीमुळे होणारा जिवाणूंचा आजार आहे. पत्रातील आयजीएम आणि आयजीजी ही जिवाणूविरुद्ध शरीर तयार करते त्या प्रतिपिंडांची, म्हणजे संरक्षक प्रथिनांची नावे आहेत; वेस्टर्न ब्लॉट ही अशी प्रतिपिंडे पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी तपासणी, आणि पीसीआर ही जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी आहे.

“माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. त्यांना १२ वर्षांपासून मधुमेह असून मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. दोन वर्षांपूर्वी मे ते ऑक्टोबर आम्ही मुलीकडे न्यू जर्सीला राहिलो. तिच्या घरामागे झाडी आहे, तिथे हरणे येतात आणि यजमान रोज सकाळी त्याच बाजूला फिरायला जात. गोचीड चावल्याचे किंवा अंगावर चट्टा उठल्याचे आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांना लेप्टोस्पायरोसिस झाला होता, तो उपचारांनी बरा झाला. साधारण आठ महिन्यांपासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, आता हाताच्या बोटांनाही येऊ लागल्या आहेत. थकवा आहे, ओळखीच्या माणसांची नावे आठवत नाहीत. एमआरआयमध्ये मेंदूत बारीक पांढरे ठिपके दिसल्याचे लिहिले आहे. मुलीच्या आग्रहावरून लाइमची रक्ततपासणी केली, तेव्हा आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह आले. दुसऱ्या प्रयोगशाळेत दोन्ही निगेटिव्ह आले. वेस्टर्न ब्लॉटमध्ये ४१ क्रमांकाची एकच पट्टी दिसली. एका डॉक्टरांच्या मते लाइम मेंदूपर्यंत पोहोचला असावा. पाठीतले पाणी काढून पीसीआर करावे, २८ दिवस शिरेतून इंजेक्शने आणि मग काही महिने गोळ्या द्याव्यात असे ते म्हणतात. एका परिचितांनी लघवीचा नमुना परदेशी पाठवायला सुचवले आहे. आम्ही कशावर विश्वास ठेवावा? पाणी काढावे का? उशीर झाला तर कायमचे नुकसान होईल या भीतीने मला झोप लागत नाही. मुलीने आणि नातवानेही तपासणी करून घ्यावी का?”

सप्रेम नमस्कार.

आपण सर्व अहवालांच्या प्रती पत्रासोबत पाठवल्या हे फार चांगले केले, कारण त्यामुळे मला मोघम बोलावे लागत नाही. आपली झोप उडालेली आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. आपल्या यजमानांच्या मज्जासंस्थेत लाइम असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. माझ्या या मताचा मुख्य आधार आपण पत्रात ओझरता उल्लेख केलेला अहवाल, म्हणजे निगेटिव्ह आलेला आयजीजी, हाच आहे. केवळ लाइमसाठी त्यांच्या पाठीतले पाणी काढू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. मुंग्या आणि विस्मरण मात्र खरे आहेत. त्यांचे कारण शोधायला आणखी वेळ दवडू नये, आणि ते कारण बहुधा मुंबईत सहज होणाऱ्या साध्या तपासण्यांतून सापडेल.

आपल्या मुलीने लाइमची शंका घेतली यात तिचे काही चुकले नाही. बोरेलिया नावाच्या मळसूत्री आकाराच्या जिवाणूंमुळे हा आजार होतो आणि एका विशिष्ट जातीच्या गोचिडी तो पसरवतात. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या लाइम या गावाच्या परिसरात १९७० च्या दशकात अनेक मुलांना सांधेदुखी झाल्याचे लक्षात आले, त्यावरून आजाराला हे नाव पडले. जिवाणूचा शोध विली बर्गडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला आणि १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. न्यू जर्सी हे तिथल्या अधिक प्रादुर्भाव असलेल्या राज्यांपैकी एक आहे, आणि आपण राहिलात तो मे ते ऑक्टोबरचा काळ गोचिडींचाच काळ होता. ज्या अवस्थेतली गोचीड माणसाला सर्वाधिक लागण करते ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे ती चावल्याचे पुष्कळ रुग्णांना मुळी कळतच नाही. म्हणून ‘चावल्याचे आठवत नाही’ या गोष्टीला मी फार महत्त्व देत नाही. त्या परिसरात सहा महिने वावर झाला, एवढे शंका घ्यायला पुरेसे आहे. ही लागण मुलुंडमध्ये किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरताना झाली असेल का, असा प्रश्न मनात येत असेल तर तो मात्र सोडून द्यावा. भारतात ईशान्येकडील राज्यांत आणि कर्नाटकातील जंगलालगतच्या काही लोकांच्या रक्तात बोरेलियाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आहेत, तुरळक रुग्णांची नोंदही आहे. परंतु मुंबईत या आजाराचा विचार करायचा तो मुख्यतः बाहेरून परतलेल्या माणसाच्या बाबतीत. सिंधुदुर्गात २०१६ पासून दिसणारा माकडतापही गोचिडीमुळेच होतो, पण तो विषाणूचा आजार आहे आणि लाइमच्या तपासणीशी त्याचा काही संबंध नाही.

आता रक्ताच्या अहवालाकडे येऊ. ही तपासणी रक्तात जिवाणू शोधत नाही; जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. लागण झाल्यावर आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे साधारणपणे आधी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात, आणि आयजीजी प्रकारची त्यानंतर काही आठवड्यांत वाढतात आणि उपचारांनंतरही अनेक वर्षे टिकून राहतात. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर ती थोड्या दिवसांनी पुन्हा करावी लागते, हे खरे. पण आजार महिनोन्महिने अंगात असेल आणि त्याने नसांपर्यंत मजल मारली असेल, तर आयजीजी पॉझिटिव्ह असलेच पाहिजे. म्हणूनच लक्षणे सुरू होऊन ३० दिवस उलटल्यावर एकट्या आयजीएमच्या निकालाला किंमत द्यायची नाही, असा या तपासणीचा ठरलेला नियम आहे. आपल्या यजमानांची लक्षणे आठ महिन्यांची आहेत आणि गोचिडीशी संपर्क झालाच असेल तर तो त्याहूनही कितीतरी आधीचा आहे. अशा वेळी आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह ही जोडी ‘ताजी लागण’ दाखवत नाही. ती जवळजवळ नेहमीच खोटा पॉझिटिव्ह दाखवते.

याला एक-दोन अपवाद आहेत आणि ते तपासून पाहणे माझे कर्तव्य आहे. लागणीनंतर अगदी लवकर अँटिबायोटिक मिळाले तर प्रतिपिंडे पुरेशी वाढत नाहीत, हे ठाऊक आहे. आपल्या यजमानांना लेप्टोच्या वेळी अँटिबायोटिक दिले गेले, पण ते न्यू जर्सीहून परतल्यानंतर कित्येक महिन्यांनी. तोवर आयजीजी तयार व्हायला भरपूर वेळ मिळालेला होता. दुसरा अपवाद प्रतिपिंडे तयार करण्याची शक्तीच कमी झालेल्यांचा, उदाहरणार्थ काही विशिष्ट कर्करोगांचे रुग्ण किंवा बी पेशी नष्ट करणारी औषधे घेणारे लोक. मधुमेह त्यात बसत नाही.

मग आयजीएम पॉझिटिव्ह आले कशामुळे? याचे उत्तर आपल्या पत्रातच असावे. लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणूही बोरेलियासारखाच मळसूत्री कुळातला आहे, आणि त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे बोरेलियाच्या तपासणीतील प्रतिजनांनाही, म्हणजे प्रतिपिंडे ओळखण्यासाठी वापरलेल्या जिवाणूच्या अंशांनाही, काही प्रमाणात चिकटू शकतात. सिफिलिस, एपस्टाइन-बार विषाणूचा ताप, संधिवात आणि ल्युपससारखे आजार यांतही असेच घडते. मुंबईच्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत गेलेली आणि लेप्टो होऊन बरी झालेली माणसे थोडी नाहीत. अशा शहरात लाइमचा आयजीएम वाचताना ‘गेल्या वर्षभरात कोणता ताप आला होता?’ हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे. तपासणी अर्जावर त्यासाठी जागासुद्धा नसते, आणि याची मला मनापासून चीड येते. सविस्तर माहिती न घेता एखाद्या मोठ्या पॅकेजमध्ये लाइमचा आयजीएम घालून दिला जातो आणि मग त्या एका शब्दाने घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

वेस्टर्न ब्लॉटमधील ४१ क्रमांकाच्या पट्टीबद्दलही असेच म्हणावे लागेल. हा आकडा प्रथिनाच्या वजनाचा असतो, किलोडाल्टनमध्ये मोजलेला. ४१ किलोडाल्टनचे प्रथिन जिवाणूच्या हालचाल करणाऱ्या तंतूचे आहे, आणि तसे तंतू तोंडातल्या व आतड्यातल्या अनेक निरुपद्रवी जिवाणूंनाही असल्यामुळे ही पट्टी पूर्णपणे निरोगी माणसांतही वारंवार दिसते. १९९४ मध्ये अमेरिकेतील डिअरबॉर्न येथे झालेल्या परिषदेत दोन टप्प्यांची पद्धत ठरली आणि पुढच्या वर्षी तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ती स्वीकारली. त्यानुसार आधी एलायझासारखी, प्रतिपिंडांचे एकूण प्रमाण मोजणारी चाचणी करायची, ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच ब्लॉट करायचा, आणि ब्लॉटमध्ये आयजीएमच्या ठरावीक ३ पट्ट्यांपैकी किमान २ किंवा आयजीजीच्या ठरावीक १० पट्ट्यांपैकी किमान ५ दिसल्या तरच निकाल पॉझिटिव्ह धरायचा. २०१९ पासून ब्लॉटऐवजी दुसरी, वेगळ्या प्रतिजनांवर आधारलेली एलायझा वापरण्याची सुधारित पद्धतही अमेरिकेत मान्य झाली आहे. कोणत्याही पद्धतीने मोजले तरी एक पट्टी म्हणजे निगेटिव्ह निकाल, आणि आपल्या अहवालाच्या खाली तसे एका ओळीत लिहिणे ही प्रयोगशाळेची जबाबदारी होती.

दोन प्रयोगशाळांचे निकाल वेगळे आल्याने आपला विश्वास डळमळला, हे स्वाभाविक आहे. परंतु दोन्हीकडचे किट वेगळे असते, त्यात वापरलेली प्रतिजने वेगळी असतात, काही किट अमेरिकेतील जातीवर तर काही युरोपातील जातींवर बेतलेली असतात, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमारेषा प्रत्येकाची निराळी. आपल्या पहिल्या अहवालात आयजीएमचा आकडा सीमारेषेच्या किंचितच वर आहे. असा आकडा त्याच नमुन्याची त्याच यंत्रावर दुसऱ्या दिवशी तपासणी केली तरी खाली येऊ शकतो. दोघांपैकी कोण खोटे बोलत आहे असा प्रश्न इथे नाही. आणि विशेष म्हणजे आयजीजीच्या बाबतीत दोघांचेही एकमत आहे.

आता थोडे गणित. आपल्या यजमानांसारख्या, म्हणजे पायाला मुंग्या, थकवा आणि विस्मरण असलेल्या पण लाइमचे कोणतेही ठळक लक्षण नसलेल्या १,००० जणांची आयजीएम तपासणी केली असे समजा. त्यांपैकी एकाला खरोखर लाइम आहे असे धरू, आणि आजार नसलेल्या १०० जणांपैकी ५ जणांत ही तपासणी चुकून पॉझिटिव्ह येते असेही धरू. तर सुमारे ५० जणांचा निकाल खोटा पॉझिटिव्ह येईल आणि खरा फार तर एक. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण त्यामागचा नियम पक्का आहे: तपासणीच्या आधी आजाराची शक्यता जितकी कमी, तितका पॉझिटिव्ह निकाल खोटा असण्याचा संभव जास्त. त्यामुळे मज्जासंस्थेच्या लाइमची तपासणी कोणाची करावी हा प्रश्न ती कशी करावी याच्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. संसर्गरोग, मज्जासंस्था आणि संधिवात या विषयांतील तीन अमेरिकन वैद्यकीय संस्थांनी २०२० मध्ये संयुक्तपणे दिलेली मार्गदर्शक तत्त्वे याबाबत अगदी स्पष्ट आहेत. गोचिडीशी संपर्काची शक्यता असलेल्या माणसाला मेंदूच्या आवरणाला सूज आली, नसांच्या मुळांतून तीव्र वेदना उठू लागल्या, निरनिराळ्या नसा एकामागून एक निकामी होऊ लागल्या किंवा चेहऱ्याचा पक्षाघात झाला, तर लाइमची तपासणी करावी. नुसते विस्मरण, पार्किन्सन, नव्याने आलेली फिट किंवा मानसिक आजार असेल, तर ती नेमाने करू नये. एमआरआयवरचे पांढरे ठिपकेदेखील, लाइमचा दुसरा काही पुरावा नसताना, ही तपासणी करण्याचे कारण ठरत नाहीत. साठीच्या पुढे, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांच्या मेंदूत असे ठिपके अगदी सर्रास दिसतात. ते बहुधा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झिजेचे असतात.

मज्जासंस्थेचा खरा लाइम कसा दिसतो, हे सांगितले तर फरक अधिक ठळक होईल. चाव्यानंतर काही आठवडे ते थोडे महिने गेल्यावर एका बाजूचा, कधी दोन्ही बाजूंचा चेहरा वाकडा होतो. पाठीतून किंवा बरगड्यांमधून रात्री असह्य वाढणारी, साध्या वेदनाशामक गोळ्यांना दाद न देणारी कळ येते. डोके दुखते, मान आखडते. युरोपात बोरेलिया गॅरिनी या जातीमुळे हे चित्र अधिक दिसते. फ्रान्समधील दोन डॉक्टरांनी १९२२ मध्येच असा रुग्ण नोंदवला होता, जिवाणू सापडण्याच्या साठ वर्षे आधी. सावकाश, दोन्ही तळपायांपासून सारख्याच रीतीने सुरू होऊन वर सरकणाऱ्या मुंग्या हे लाइमचे नेहमीचे चित्र नाही. ते चित्र मधुमेहाचे आणि जीवनसत्त्व बी १२ च्या कमतरतेचे आहे.

पाठीतले पाणी काढण्याबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण त्याविषयी भीतीही फार आहे आणि गैरसमजही. योग्य कारणासाठी अनुभवी हातांनी केली तर ही प्रक्रिया सुरक्षित असते. नंतर काही दिवस डोके दुखणे हा तिचा सर्वांत नेहमीचा त्रास. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या या द्रवात, म्हणजे सीएसएफमध्ये, लाइमसाठी तीन गोष्टी पाहतात. पहिली, लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत का, कारण सुरुवातीच्या काळातील मज्जासंस्थेच्या लाइममध्ये त्या सहसा वाढलेल्या असतात. दुसरी, बोरेलियाविरुद्धची प्रतिपिंडे खुद्द मज्जासंस्थेच्या आतच तयार होत आहेत का. तिसरी, सीएक्ससीएल१३ नावाचे एक रसायन वाढले आहे का. ते चालू आजारात चढते आणि उपचारांनी उतरते, मात्र ते मज्जासंस्थेच्या सिफिलिसमध्ये आणि काही लिम्फोमांतही (लसीका पेशींच्या कर्करोगांतही) वाढते, म्हणून त्याचा उपयोग जोडीच्या पुराव्याइतकाच.

यातली दुसरी गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण खरी चूक तिथेच होते. रक्तातली प्रतिपिंडे थोड्या प्रमाणात या द्रवात झिरपतच असतात. म्हणून द्रवात बोरेलियाची प्रतिपिंडे सापडली एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. रक्तात असतील तर द्रवातही थोडी असणारच. झिरपलेली किती आणि आत तयार झालेली किती हे ओळखण्यासाठी रक्त आणि द्रव एकाच दिवशी घेऊन प्रतिपिंड निर्देशांक काढावा लागतो. समजा रक्तात एकूण आयजीजी १,००० आणि द्रवात ४ आहे, म्हणजे झिरपण्याचे प्रमाण हजारी ४. आता बोरेलियाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात २०० एकके आणि द्रवात ०.८ एकक असतील, तर तेही प्रमाण हजारी ४ च आहे. दुसऱ्या प्रमाणाला पहिल्याने भागले की निर्देशांक मिळतो; इथे तो १ आला, म्हणजे सगळी प्रतिपिंडे रक्तातूनच झिरपली आहेत. द्रवात मात्र ४ एकके सापडली तर प्रमाण हजारी २० होते, निर्देशांक ५ येतो, आणि ती आत तयार होत आहेत हे उघड होते. प्रयोगशाळा साधारणपणे १.३ किंवा १.५ च्या वरचा निर्देशांक पॉझिटिव्ह मानतात. हा निर्देशांक आजाराच्या पहिल्या काही आठवड्यांत निगेटिव्ह असू शकतो आणि उपचारांनंतर वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकतो, म्हणून तो पेशींच्या संख्येसोबतच वाचायचा असतो. ज्यांच्या रक्तात मुळात आयजीजी नाही त्यांच्या बाबतीत, इतक्या उशिराच्या टप्प्यावर, हा सगळा खटाटोप कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे? शिवाय मुंग्या पायाच्या टोकाच्या नसांत असतील तर, तो आजार लाइमचा असला तरीही, द्रव बहुधा अगदी सामान्य येतो.

पीसीआरविषयी लोकांची समजूत अशी की ते जिवाणूच पकडते, म्हणजे ते अंतिम प्रमाण. क्षयरोगात आणि कोविडमध्ये पीसीआरचा उपयोग पाहिल्यामुळे ही समजूत घट्ट झाली आहे. बोरेलिया मात्र या द्रवात फार थोडे आणि थोडाच काळ असतात, त्यामुळे खऱ्या रुग्णांतही द्रवाचे पीसीआर बहुतेक वेळा निगेटिव्ह येते, आणि नमुना दूषित झाला तर खोटे पॉझिटिव्हही येऊ शकते. वर सांगितलेल्या २०२० च्या तत्त्वांत ते नेमाने करू नये असेच म्हटले आहे. मुंबईत याचा एक प्रत्यक्ष धोकाही आहे. पाण्यात लिम्फोसाइट वाढलेल्या आपल्याकडच्या रुग्णात पहिला विचार क्षयरोगाचा करायचा असतो. काढलेले मोजके पाणी लाइमच्या पीसीआरला देऊन टाकले आणि साखर, प्रथिने, पेशी व क्षयाची सीबीनॅट तपासणी यांसाठी पुरेसे उरले नाही, तर खरा आजार निसटू शकतो.

लघवीचा नमुना परदेशी पाठवू नका. लघवीतील प्रतिजन शोधणाऱ्या आणि अशाच इतर, अचूकता सिद्ध न झालेल्या लाइमच्या चाचण्यांविरुद्ध सीडीसीने २००५ मध्येच इशारा दिला होता. सीडी५७ पेशींची मोजणी आणि लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन याही त्याच वाटेवरच्या तपासण्या आहेत. त्यांवर पैसे घालवू नयेत.

उपचारांचेही दोन शब्दांत सांगते. मज्जासंस्थेचा लाइम सिद्ध झाला तरी त्यावरचा उपचार १४ ते २१ दिवसांचा असतो, आणि अनेक रुग्णांत तो डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनीही होतो. महिनोन्महिने अँटिबायोटिक दिल्याने जास्तीचा फायदा होत नाही, हे २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचण्यांत दिसून आले. शिरेतून दीर्घकाळ दिलेल्या सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकमुळे पित्ताशयात गाळ साठणे, सुईच्या जागेतून जंतू रक्तात जाणे, आतड्याचा गंभीर अतिसार होणे हे धोके मात्र खरे आहेत. मधुमेही माणसाला हे कारणाशिवाय सोसायला लावणे मला मान्य नाही.

आता जे लगेच करायचे ते. १२ वर्षे मेटफॉर्मिन आणि शुद्ध शाकाहार ही जोडी बी १२ कमी करण्यासाठी पुरेशी आहे. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेत असतील तर त्यात आणखी भर पडते. बी १२ च्या कमतरतेने पायांना मुंग्या येतात, बोटांना येतात, तोल जातो, विस्मरण होते, थकवा येतो, आणि हिमोग्लोबिन उत्तम असतानाही हे सर्व होऊ शकते. आपण ज्या कायमच्या नुकसानीला घाबरत आहात ते उपचारांना विलंब झाला तर खरोखर होऊ शकते, पण ते या बाजूला. म्हणून याच आठवड्यात रक्तातील बी १२ तपासून घ्या. आकडा सीमारेषेवर, म्हणजे साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या दरम्यान, आला तर त्याला ‘नॉर्मल’ म्हणून सोडू नका. मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासायला सांगा, त्याने पेशींच्या पातळीवरची कमतरता कळते. रक्त देण्याआधी कोणाच्या सांगण्यावरून बी १२ चे इंजेक्शन घेऊ नका, नाहीतर आकडा वर जाऊन निदान झाकले जाईल. रक्त दिले की मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात. घरात बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांतले बी ६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच मुंग्या येऊ शकतात. केस किंवा नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर तिच्यामुळे थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो, म्हणून ती तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते प्रयोगशाळेला विचारा.

याच नमुन्यात एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, रक्तातील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस, तसेच एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) करून घ्यावेत. शेवटच्या दोन नावांनी संकोच वाटू देऊ नका. विस्मरणाच्या कोणत्याही रुग्णात त्या करण्यात गैर काही नाही आणि दोन्ही आजारांवर उपचार आहेत. नसांची एनसीव्ही तपासणी (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी) केल्यावर मुंग्या कोणत्या प्रकारच्या नसांच्या बिघाडामुळे आहेत ते कळेल. विस्मरणासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करावी, आणि यजमान रात्री मोठ्याने घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, गेल्या काही महिन्यांत मन उदास असते का, हे आपण स्वतः डॉक्टरांना सांगावे. रुग्ण हे सहसा सांगत नाही. लाइमचे सर्व अहवाल सोबत न्या, परंतु ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाऐवजी आकडा, सीमारेषा आणि पट्ट्यांची नावे दाखवा, आणि गेल्या पावसाळ्यातील लेप्टोची कागदपत्रेही त्यांना जोडा. पाणी काढण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना आपण आदराने एवढेच विचारा की आयजीजी निगेटिव्ह असताना पीसीआरही निगेटिव्ह आले, तर आपण उपचार थांबवणार का. उत्तर ‘नाही’ असेल तर ती तपासणी निर्णयासाठी केली जात नाही.

माझे मत बदलेल अशा काही गोष्टी आहेत, त्याही लिहून ठेवते. चेहरा वाकडा झाला, मान आखडून ताप आला, अचानक एका बाजूची शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा काही दिवसांत चालणे बिघडले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता रुग्णालयात जावे. तिथे पाणी काढण्याचा निर्णय झाला तर तो योग्यच असेल. अशा वेळी न्यू जर्सीच्या वास्तव्याचा उल्लेख जरूर करा, आणि लाइमची तपासणी ठरली तर रक्त व पाणी एकाच दिवशी घेऊन प्रतिपिंड निर्देशांक मागवायला सांगा.

मुलीला आणि नातवाला काही त्रास नसेल तर त्यांनी तपासणी करू नये. तिथे राहणाऱ्या निरोगी माणसांतही जुनी, आपोआप बरी झालेली लागण प्रतिपिंडांच्या रूपाने दिसू शकते आणि मग आपल्यासारखीच चिंता त्यांच्या वाट्याला येईल. त्याऐवजी अंगणातून आल्यावर नातवाचे डोके, कानामागची जागा, काखा, गुडघ्यांच्या मागचा भाग आणि जांघा रोज पाहाव्यात. गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. लागण होण्यासाठी ती साधारणपणे एक दिवसाहून अधिक काळ चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच दिवशी काढली तर धोका फार कमी राहतो. ती रक्त पिऊन फुगलेली असेल तर ७२ तासांच्या आत तिथल्या डॉक्टरांना दाखवावे, कारण काही परिस्थितींत ते डॉक्सिसायक्लिनची एकच मात्रा देतात. चावलेल्या जागेभोवती रोज पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर त्याचा फोटो काढून लगेच डॉक्टरांकडे जावे. त्या टप्प्यावर रक्ततपासणी अनेकदा निगेटिव्ह येते आणि तिथले डॉक्टर नुसता चट्टा पाहूनच उपचार सुरू करतात.